माझी तीन रेघांची चूक

मी एक जुना मायक्रोमीटर आहे. तुमच्या तळहातात मावेन एवढाच. घोड्याच्या नालासारखी वाकलेली माझी पोलादी चौकट. तिच्या एका टोकाला छोटीशी ऐरण, दुसऱ्या टोकाकडून फिरत फिरत पुढे येणारा दांडा. दोघांच्या मध्ये वस्तू धरायची, मागची किल्ली हळू फिरवायची, टिक टिक टिक असा आवाज आला की थांबायचं आणि माझ्या अंगावरच्या रेघा वाचायच्या. माझी एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. मित्रांनो, तुमच्या डोक्यावरचा एक केस मला द्या, तो किती जाड आहे ते मी सांगतो. सहा-सात रेघा भरेल. हेच काम फुटपट्टीला सांगून बघा, ती नुसती तुमच्या तोंडाकडे बघत बसेल.

बढाई मारून झाली, आता खरं सांगतो. माझ्या पेटीवर एक लाल चिठ्ठी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'नामंजूर. वापरू नये.' ती चिठ्ठी मला कशी लागली, आणि माझ्यापायी एका चांगल्या मुलीच्या नावापुढे 'ड' कसा लागला, हीच माझी गोष्ट आहे.

माझा जन्म एका थंडगार खोलीत झाला. आम्हा मोजमापाच्या हत्यारांना ऊन सोसत नाही, उन्हाने आम्ही फुगतो आणि आमचा आकडा चुकतो. तिथे मला घासलं, घडवलं, शंभरदा तपासलं आणि मगच निळ्या मखमलीच्या पेटीत निजवलं. पेटी उघडली ती थेट वाळूजच्या एका कारखान्यात. तिथल्या हत्यारांच्या स्टोअरचे मालक म्हणावेत असे सखाराममामा होते. खरे मालक वेगळेच, पण मामांपुढे त्यांचंही काही चालत नसावं. हात पुसल्याशिवाय मामा कोणाला मला शिवू देत नसत. "आरं, भजी खाऊन आलास काय? ते त्याल माझ्या मायक्रोमीटरला लावू नको," असं ते थेट इंजिनिअरलाही ऐकवत. मला हे फार आवडायचं. थोडा गर्व होताच मला, अजूनही आहे.

सहा वर्षं मी चोख काम केलं. दुचाकीच्या ब्रेकच्या दांड्यात एक बारकी पिन बसते. ती बरोबर बारा मिलिमीटर जाड लागते. दोन रेघा कमी-जास्त चालतात, तिसरी चालत नाही. दिवसाला शेकडो पिना माझ्या मुठीतून जायच्या. मी हो म्हटलं की पिन पास. बाहेरून तपासायला येणारे साहेब मला उजेडात धरून म्हणायचे, "छान ठेवलाय हो."

मग रूपा आली. आयटीआय करून आलेली, फुलंब्रीची मुलगी. तपासनीस म्हणून तीन वर्षांच्या करारावर लागली होती. पहिल्याच दिवशी तिने स्वतःचा एक केस उपटून माझ्यात धरला आणि आकडा वाचून एकटीच हसली. मला ती तेव्हाच आवडली. तिचा हात हलका होता. काही लोक मला असं आवळतात, जणू नळ बंद करताहेत. रूपा टिक टिक टिक ऐकायची आणि थांबायची.

आता एक नियम समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला मला रिकामाच मिटून बघायचं असतं. मध्ये काही नाही, तर मी शून्य दाखवायला हवं. दाखवलं तर भिंतीवरच्या तक्त्यात 'शून्य तपासणी' या रकान्यात टिक मारायची, सही करायची आणि मगच कामाला लागायचं. दोन मिनिटांचं काम.

पण फुलंब्रीहून येणारी एस. टी. कधी वेळेवर पोचली आहे का? रूपा हर्सूलला उतरून कंपनीची बस पकडायची आणि सात वाजताच्या पाळीला सात-दहाला धापा टाकत पोचायची. रात्रपाळीचा तपासनीस होता कृष्णा. त्याला त्याच बसने परत जायचं असायचं. मशीन तर दहा मिनिटंही थांबवता येत नाही, साहेब डोळे वटारतात. म्हणून दोघांनी आपसात एक सोय करून ठेवली होती. जाणाऱ्याने येणाऱ्याच्या रकान्यात आगाऊ टिक मारून ठेवायची. येणाऱ्याने आल्यावर नुसती सही करायची. पाळ्या बदलल्या की रूपाही कृष्णासाठी तेच करायची. त्यात लबाडी नव्हती, मित्रांनो. उलट माया होती. त्या कारखान्यात जिव्हाळ्याची माणसं एकमेकांसाठी एवढं करायचीच.

एका सकाळी कृष्णाने पावणेसातलाच रूपाच्या नावापुढे टिक मारली. मग डब्याची पिशवी खांद्याला लावताना तिचा बंद माझ्यात अडकला आणि मी टेबलावरून थेट फरशीवर आदळलो. कृष्णाने मला उचललं, बाहीने पुसलं, इकडून तिकडून बघितलं. "काय नाय झालं," असं स्वतःशीच म्हणाला आणि बसकडे पळाला.

झालं होतं. माझी चौकट केसाहूनही कमी वाकली होती. मिटलो की मी आता शून्याऐवजी तीन रेघा दाखवत होतो. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठे आहे? रूपा आली, टिक बघितली, सही केली आणि कामाला लागली. मी प्रत्येक पिनेला बारा म्हणत होतो. प्रत्येक पिन तीन रेघा बारीक होती. माझ्या आकड्यावर भरवसा ठेवून मशीनवाला पुढच्या पिना कापत होता. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

पिनांची ती ऑर्डर त्याच दिवशी पुरी झाली, मी पेटीत जाऊन पडलो, आणि आठवड्याने त्या दिवसाचे सगळे खोके परत आले. 'पिना ढिल्या आहेत, एकही बसवलेली नाही,' असं पत्र सोबत होतं. मला तपासलं, तीन रेघांची चूक सापडली. तक्ता काढला. टिक होती, खाली रूपाची सही होती.

त्या दुपारी कृष्णा तपासणीच्या खोलीत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"रूपा, माझ्या हातून पडला होता गं. मी सांगू का सायबाला?"

"तुझं पर्मनंटचं लेटर याच महिन्यात यायचंय ना?"

"व्हय."

"मग राहू दे. सही माझी हाय."

हा मोठेपणा होता की भिडस्तपणा, मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. एक मात्र खरं. ती गप्प बसली म्हणून आगाऊ टिकेची गोष्ट कोणालाच कळली नाही, आणि ती पद्धत तशीच चालू राहिली.

मार्चमध्ये अप्रेझल झालं. तुमच्या शाळेत जसं प्रगतिपुस्तक, तसं मोठ्यांचं ते. अ, ब, क, ड. रूपाच्या कागदावर लिहिलं होतं, 'तपासणी न करता सही केली. कामात निष्काळजी. श्रेणी ड.' तिला पिना मोजण्यावरून काढून खोके बांधायला बसवलं. करार संपला तेव्हा तो वाढला नाही. आणि मला लाल चिठ्ठी लागली.

भंगाराच्या पेटीत टाकण्याआधी सखाराममामांनी मला एकदा पुसलं. तेवढ्यात रूपा निरोप घ्यायला आली.

"मामा, ह्याला मी नेऊ?"

"काय करती ह्याचं? वाकलाय त्यो."

"मी पण कुठं सरळ राहिलेय?"

मामा हसले नाहीत. त्यांनी रीतसर भंगाराची पावती केली, साहेबांची सही आणली आणि मला पेटीसकट तिच्या हातात दिलं. "चिठ्ठी काढू नको," एवढंच म्हणाले. "उगं कुणी फसायला नको."

असा मी फुलंब्रीला आलो. रूपाच्या घरी तिची आई, मुक्ताबाई. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, त्याच्याभोवती ब्लाउजांची गाठोडी आणि भिंतीवर खडूने लिहिलेली गिऱ्हाइकांची मापं. तिथे गळ्यात टाकायचा मापाचा पट्टा हा माझा नवा शेजारी. त्याचे आकडे अर्धे पुसलेले. आधी मी त्याच्याशी बोलत नव्हतो. नंतर बोलू लागलो.

रूपा रोज सकाळी मला रिकामाच मिटायची, आकडा बघायची आणि शंभर पानी वहीत तारीख टाकून लिहायची. अधिक तीन. अधिक तीन. अधिक तीन. कशासाठी? मला वाटतं, सुरुवातीला तिलाही माहीत नव्हतं. जे एकदा केलं नाही ते रोज करून घेत असावी. पण त्या वहीतून एक गोष्ट हळूहळू दिसू लागली. माझी चूक वाढत नव्हती, कमीही होत नव्हती. रोज बरोबर तीन रेघा.

नोकरी मात्र मिळेना. तिला मोजमापाचंच काम हवं होतं. गावातल्या कपड्याच्या दुकानात जागा होती, मालक दोनदा विचारून गेले होते. "दिवाळीपर्यंत बघते," रूपा आईला म्हणाली होती. "नाय जमलं तर जाते दुकानात." म्हणजे दिवाळीपर्यंत तपासनिसाची नोकरी लागली नाही, तर आयटीआयचा कागद पेटीत आणि मी त्याच्या खाली.

पहिला इंटरव्ह्यू चिकलठाण्याला होता. मी तिच्या पर्समध्ये होतो. मला सोबत का न्यायची ते तिलाच ठाऊक. तिथे एक छापील फॉर्म भरायचा होता. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव, सगळं तिने सुंदर अक्षरात भरलं. मग एक रकाना आला, 'मागील अप्रेझलची श्रेणी'. तिचं पेन तिथे थांबलं. मग पुढच्या रकान्यावर गेलं.

समोरच्या साहेबांनी फॉर्म वाचला.

"हे कोरं का?"

"विसरले, सर."

"क्वालिटीची माणसं रकाना विसरत नाहीत हो," ते शांतपणे म्हणाले. त्यांनी तिच्या देखतच वाळूजला फोन लावला. दोन मिनिटांत त्यांना सगळं कळलं. ते चिडले नाहीत, पण फॉर्म पालथा ठेवला. मित्रांनो, तो पालथा ठेवलेला कागद मला अजून दिसतो. 'ड' ऐकून ते एवढे खट्टू झाले नव्हते, जेवढे 'विसरले' ऐकून झाले.

दुसरा इंटरव्ह्यू वाळूजलाच, दुसऱ्या एका कारखान्यात. या वेळी रूपाने ठरवलं होतं की लपवायचं नाही. पण न लपवणं आणि खरं सांगणं यातही अंतर असतं, हे मला त्या दिवशी समजलं. तिने बोलायला सुरुवात केली आणि थांबेचना. साहेब कसे कडक होते. मशीन कसं थांबवू देत नव्हते. बस कशी उशिरा यायची. आणि शेवटी, "खरं तर मायक्रोमीटर माझ्या हातून पडलाच नव्हता सर, तो कृष्णाच्या हातून पडला."

सगळं खरंच होतं त्यात. एकही शब्द खोटा नव्हता. समोरचे गृहस्थ मान डोलावत होते, त्यांनी चहाही मागवला. "कळवतो," म्हणाले. असं 'कळवतो' म्हणणारे कधी कळवत नाहीत, एवढं तुम्हीही मोठे झालात की समजेल.

परतीच्या बसमध्ये तिने माझी पेटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. घरी आल्या आल्या आईला म्हणाली, "मम्मी, म्या कृष्णाचं नाव घेतलं गं." आणि रडली. मुक्ताबाईंनी मशीन थांबवलं, तिला पाणी दिलं. बाईंना बोलण्यापेक्षा हातातलं काम पुढे न्यायला जास्त आवडायचं.

त्यानंतर दोन दिवसांनी लक्ष्मीबाई नावाचं एक गिऱ्हाईक आलं. मुलीच्या लग्नात घालायचा स्वतःचा ब्लाउज न्यायला. भारी कापड, काठ पैठणीचा. मला पट्ट्याकडून आधीच कळलं होतं की त्या ब्लाउजाची एक बाही बोटभर आखूड कापली गेली होती. आता काय होणार म्हणून मी कान टवकारले. कान नाहीत मला, पण तुम्ही समजून घ्या.

मुक्ताबाईंनी घडी उलगडायच्या आधीच सांगितलं.

"बाई, डावी बाही म्या आखूड कापली व्हती. माझ्याच हातून झालं. काठाच्या उरलेल्या पट्टीतून जोड दिलाय, दोन्ही बाह्यांना सारखा. आता घालून बघा. नाय पटलं तर नवं कापड आणून शिवते."

लक्ष्मीबाईंनी ब्लाउज उजेडात धरला. जोड बघितला. आत जाऊन घालून आल्या.

"जोड हाय ते कळतंय," त्या म्हणाल्या.

"कळणारच की."

"पण बसलाय बेस." मग पिशवीतून आणखी दोन खण काढून त्यांनी मशीनवर ठेवले. "ह्ये पण घ्या. पुढच्या आठवड्यात द्या."

त्या गेल्यावर रूपा आईकडे वळली.

"मम्मी, तुला भ्या नाय वाटलं? ब्लाउज तोंडावर फेकला असता तर?"

"वाटलं की. पण त्यांनी आरशात बघून सांगितलं असतं, तर ती माझी लबाडी झाली असती. म्या आधी सांगितलं, म्हणून निस्ती चूक राहिली." दोरा दातांनी तोडत त्या पुढे म्हणाल्या, "आन् नुसती चूक सांगून भागत नाय. जोड दाखवावा लागतो."

मित्रांनो, मी शंभरावा भाग मोजणारा, पण एवढं नेमकं मला कधी सांगता आलं नसतं.

रूपाने त्या दिवशी कागद घेतला आणि लिहायला बसली. आपल्या चुकीची हकीकत. आधी पानभर झाली. तिने वाचली आणि साहेब खोडले. मग बस खोडली. मग कृष्णा खोडला. अर्धं पान राहिलं. त्यातली रडगाणी खोडली. शेवटी पाच ओळी उरल्या. त्या ती माझ्यासमोर उभी राहून मोठ्याने म्हणायची. पहिल्या दिवशी दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज फुटला. आठव्या दिवशी नाही फुटला.

तिसरा इंटरव्ह्यू शेंद्र्याला होता, दिवाळीच्या बारा दिवस आधी. फॉर्ममध्ये तोच रकाना होता. रूपाने तिथे ठसठशीत 'ड' काढला आणि बाजूला लिहिलं, 'कारण समक्ष सांगेन.'

समोर तनुजा मॅडम होत्या, त्या कारखान्याच्या क्वालिटी विभागाच्या प्रमुख. चष्मा कपाळावर, हातात पेन्सिल. त्यांनी 'ड'भोवती पेन्सिलने गोल काढला.

"सांगा."

रूपाने सांगितलं. "पाळीच्या सुरुवातीला शून्य न तपासता मी सही केली, मॅडम. टिक आधीच मारलेली होती, तिच्यावर विश्वास ठेवला. मायक्रोमीटर तीन रेघा जास्त दाखवत होता, त्यामुळं दिवसभराच्या पिना बारीक झाल्या आणि सगळा माल परत आला. चूक माझी होती. तेव्हापासून हातात घेतलेल्या कुठल्याही हत्याराचं शून्य मी स्वतः बघते आणि आकडा लिहून ठेवते."

"टिक कोणी मारली होती?"

रूपाने 'ड'भोवतीच्या गोलाकडे बघितलं.

"सही माझी होती, मॅडम."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आकडा लिहून ठेवते म्हणजे? कुठं?"

मग पर्समधून वही निघाली, आणि मी निघालो. लाल चिठ्ठीसकट टेबलावर ठेवला गेलो. परक्या माणसांपुढे, तेवढ्या उजेडात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी वही चाळली. अकरा महिन्यांच्या तारखा, प्रत्येकीपुढे अधिक तीन. त्यांनी मला हातात घेतलं, ऐरण पुसली, मिटलं. टिक टिक टिक.

"तीन," त्या म्हणाल्या. आणि वहीतल्या शेवटच्या आकड्याशी ताडून बघितलं. "चला, प्रॅक्टिकल घेऊ."

मला हातात धरूनच त्या आत गेल्या. तिथे तपासणीच्या टेबलावर पाच पिना आणि त्यांचा स्वतःचा मायक्रोमीटर होता. नवाकोरा, चकचकीत, माझ्याकडे ढुंकूनही न बघणारा. रूपाने आधी हात पुसले. मग त्याला रिकामाच मिटला. शून्य बरोबर होतं. ते लिहायला ती भिंतीवरच्या तक्त्याकडे वळली आणि तिथेच थबकली.

सकाळचे दहा वाजले होते. तक्त्यात दुपारी तीनच्या पाळीपुढेही टिक मारलेली होती.

मित्रांनो, त्या क्षणी मी पर्समध्ये असतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. ती गप्प बसू शकली असती. नोकरी मागायला आलेल्या मुलीने त्या घरातल्या चुका काढायच्या असतात का? पाच पिना मोजायच्या, आकडे सांगायचे आणि घरी जायचं. पाच पिना तिने मोजल्याही, अगदी बरोबर. मग पेन खाली ठेवलं.

"मॅडम, एक सांगू का? अजून दहाच वाजलेत, आन् इथं तीनच्या पाळीची टिक हाय."

तनुजा मॅडमचा चेहरा बदलला. पलीकडे काम करत असलेल्या शिवमला, म्हणजे सकाळच्या तपासनिसाला, त्यांनी हाक मारली. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, तीनवाल्याची बस रोज लेट होती... म्हणून मी आपलं..."

मला वाटलं, कृष्णाच बोलतोय. रूपालाही तसंच वाटलं असणार, कारण तिने पटकन मध्येच तोंड घातलं.

"त्याला बोलू नका, मॅडम. मी पण मारायचे अशी टिक. लई जण मारतात. रकान्यात टिकेच्या जागी आकडा आणि वेळ लिहायला लावा. टिक सवयीनं पडती. आकडा बघितल्याबिगर लिहिताना हात अडतो."

"तू नोकरी मागायला आलीस की आम्हाला शिकवायला?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात धार होती.

रूपाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "नोकरी मागायलाच आलेय. पण मागच्या वेळी गप्प बसले होते, मॅडम. त्याचं काय झालं ते आत्ताच सांगितलं तुम्हाला."

मॅडमनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. "कळवते," एवढंच म्हणाल्या.

पुन्हा तोच शब्द! परतताना रूपाने माझी पेटी उघडलीच नाही. गावात शिरता शिरता ती त्या कपड्याच्या दुकानासमोर थांबली. पाटी वाचली, आतल्या साड्यांच्या थप्प्या बघितल्या आणि पुढे निघाली.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी रूपा ब्लाउजांना हूक लावत बसली होती तेव्हा फोन वाजला. खोलीत शांतता होती, म्हणून मला पलीकडचा आवाजही ऐकू आला.

"रूपा, मी तुझ्या जुन्या साहेबांशी बोलले. तुझ्याबद्दल विचारलं. त्यांनी जे सांगितलं, ते तू आधीच सांगितलं होतंस. वर एक शब्द नाही, खाली एक शब्द नाही. सहा महिने परीक्षेवर ठेवते. तो 'ड' कोणी खोडणार नाही, तो फाइलमध्ये राहील. पुढचं अक्षर तू मिळव. एक तारखेला सातला ये."

'येते, मॅडम,' म्हणत रूपा ताडकन उठली. मुक्ताबाईंनी तिच्या हातातली सुई काढून घेतली, टोचेल म्हणून. मग रूपाने आणखी एक फोन केला, कृष्णाला. दुसऱ्या इंटरव्ह्यूत त्याचं नाव घेतल्याचं तिने सांगून टाकलं. तो म्हणाला, "अगं, घ्यायलाच पायजे व्हतं. मीच सांगायला पायजे व्हतं." पुढच्याच आठवड्यात तो आपल्या साहेबांपुढे जाऊन खरंच सांगून आला. त्याला मेमो मिळाला. पण आगाऊ टिक तिथेही बंद झाली, असं सखाराममामांकडून कळलं. 'ड' मात्र बदलला नाही. कागदावरची अक्षरं लोखंडापेक्षा चिवट असतात.

एक तारखेला मीही शेंद्र्याला निघालो. गेटवर कडूबा नावाचे पहारेकरी होते, त्यांनी मला अडवलं. "लाल चिठ्ठीचं हत्यार आत न्यायचं नाय, ताई." बरोबर होतं त्यांचं. शेवटी मॅडम स्वतः आल्या. त्यांनी लाल चिठ्ठी तशीच ठेवली आणि तिच्या शेजारी एक निळी लावली, 'फक्त शिकवण्यासाठी. शून्याची चूक अधिक तीन रेघा.' नवी मुलं-मुली कामाला लागली की पहिल्या दिवशी रूपा त्यांच्या हातात मला देते आणि काही न सांगता एक पिन मोजायला लावते. जवळजवळ सगळे चुकतात. मग ती मला रिकामाच मिटायला सांगते. त्यांचे विस्फारलेले डोळे बघून मला फार मजा वाटते.

परवाची गोष्ट सांगतो. रूपाचं पहिलं अप्रेझल झालं, 'ब' मिळाला. 'अ' नाही, 'ब'. तो कागद तिने 'ड'च्या कागदाच्या वरच लावला, एकाच फाइलमध्ये. दुसऱ्या दिवशी फुलंब्रीची बस नेहमीसारखी रखडली. सातची पाळी, आणि ती आली सव्वासातला, पायऱ्या धावत चढत. आता शिवम रात्रपाळीला असतो. तो पिशवी खांद्याला लावून स्टुलावर बसला होता. त्याची बस निघून गेली होती. मशीन थांबलं होतं, मशीनवाला चहा पीत होता. भिंतीवरच्या तक्त्यात रूपाच्या नावापुढचा रकाना कोरा होता आणि पेन त्याच्याखाली ठेवलेलं होतं.

"बस गेली ना रे तुझी?" रूपा म्हणाली.

"दुसरी येती की," शिवम म्हणाला. "तुमचं शून्य तुमीच बघा."

एक कोरा रकाना तिने लाजेने सोडला होता, चिकलठाण्याच्या फॉर्ममध्ये. हा दुसरा, कोणीतरी तिच्यासाठी राखून ठेवलेला. तिने हात पुसले, मायक्रोमीटर मिटला, आकडा लिहिला, वेळ लिहिली. मी मात्र कोपऱ्यातल्या कपाटातून बघत होतो आणि मला भरून आलं होतं.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आम्हा हत्यारांना हलक्या हाताने धरा, पुसून ठेवा, आणि चुकून पाडलंत तर 'काय नाय झालं' म्हणून पळू नका, कोणाला तरी सांगा. तुमच्याही प्रगतिपुस्तकात कधी एखादं नकोसं अक्षर पडेल. ते खोडू नका, त्यावर बोट ठेवून लपवूही नका. आणि कधी या कपाटाशी आलात तर मला जरूर बाहेर काढा. आधी रिकामाच मिटून बघा. तीन रेघा दिसतील. त्या वजा करा, मग तुमचा केस माझ्यात धरा. मी अजूनही खरं तेच सांगतो.